पहिल्या गोळीला उशीर नको : सोलापूर जिल्ह्यातील एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
1. मा. जिल्हाधिकारी, सोलापूर, तथा अध्यक्ष, जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण समिती
2. मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई
3. मा. अधिष्ठाता, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सोलापूर
4. मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सोलापूर
5. मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
6. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर

विषय : संसर्ग, निदान आणि पहिली गोळी यांमधील दिवस कमी करणे, आणि ज्यांचे दिवस आधीच वाया गेले त्यांच्या आजन्म देखरेखीची व्यवस्था लावणे.

महोदय / महोदया,

आमची संघटना सोलापूर जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतील एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्री-पुरुषांची आहे. यंत्रमागावर काम करणारे, विड्या वळणाऱ्या बायका, ऊसतोड मजूर, ट्रकचालक, शेतकरी, तृतीयपंथी, विधवा, आणि ज्यांच्या मुलांनाही ही लागण झाली असे आईबाप आमचे सदस्य आहेत. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे 25 लाख लोक आहेत. त्यांतले जवळपास 4 लाख महाराष्ट्रात आहेत आणि ही संख्या कोणत्याही राज्यापेक्षा अधिक आहे. तेव्हा हा मूठभरांचा प्रश्न नाही.

गोळ्या मोफत मिळतात, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. 1 एप्रिल 2004 रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू झाली, त्यामुळेच आमच्यातले अनेक जण आज हे पत्र लिहायला हयात आहेत. आमचे म्हणणे वेगळे आहे. गोळी मिळते की नाही एवढेच पाहून आता भागणार नाही. ती किती दिवसांनी मिळाली, हेही मोजले पाहिजे. कारण उशिराचे नुकसान नंतर भरून निघत नाही.

हे आमचे मत नसून विज्ञानाने सिद्ध केलेली बाब आहे. मागण्यांचा पाया तोच असल्याने तो आधी मांडतो.

मागण्यांचा शास्त्रीय आधार

एचआयव्ही हा विषाणू रक्तातील सीडीफोर पेशीत शिरतो आणि आपला जनुकीय मजकूर त्या पेशीच्या डीएनएमध्ये कायमचा गुंफतो. अशा बहुतेक पेशी विषाणूच्या नव्या प्रती तयार करता करता मरतात. काही थोड्या पेशी मात्र विश्रांतीच्या अवस्थेत जातात. त्या ‘स्मृतिपेशी’ असल्याने वर्षानुवर्षे जगतात. त्यांच्यातला विषाणू निद्रिस्त असतो. तो प्रती काढत नाही, म्हणून औषधाला त्याच्यावर काही करता येत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीलाही तो दिसत नाही.

1997 साली अमेरिकेतील तीन संशोधक गटांनी वेगवेगळे काम करून एकच गोष्ट दाखवली : औषधे चोख चालू असलेल्या, रक्तात विषाणू सापडत नसलेल्या रुग्णांच्या पेशींमध्येही जिवंत होऊ शकणारा विषाणू शिल्लक असतो. विश्रांतीतल्या दहा लाख पेशींमागे साधारण एक, इतकाच तो असतो, पण तेवढा पुरतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार पेशींत दडलेल्या विषाणूचा हा साठा निम्मा व्हायला सुमारे 44 महिने लागतात. या गतीने तो पूर्ण संपायला सत्तरहून अधिक वर्षे लागतील, म्हणजे माणसाच्या हयातीत तो संपत नाही. काळ्या रानातला कुंदा वरून कितीही खुरपला तरी मुळी खाली जिवंत राहते, तसेच हे आहे. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात दोन-चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो.

हा साठा फार लवकर तयार होतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, माकडांवरील प्रयोगात संसर्गानंतर तिसऱ्याच दिवशी, रक्तात विषाणू दिसण्याआधी, उपचार सुरू केले होते. तरीही औषध थांबवल्यावर विषाणू परतला. थायलंडमध्ये संसर्गाच्या अगदी पहिल्या टप्प्यात उपचार सुरू झालेल्या आठ स्वयंसेवकांनी देखरेखीखाली गोळ्या थांबवल्या, तेव्हा आठही जणांमध्ये विषाणू परतला. त्याला लागलेला मध्यम कालावधी 26 दिवसांचा होता. म्हणून लवकर उपचाराने एचआयव्ही बरा होतो, असा दावा आम्ही करत नाही आणि कोणी केला तर खपवून घेणार नाही.

लवकर उपचाराने जे साधते ते मात्र मोठे आहे. साठा लहान राहतो. त्यातल्या विषाणूचे प्रकार कमी राहतात. प्रतिकारशक्ती ढासळण्याआधी सावरते आणि शरीरात सतत धुमसणारा दाह कमी राहतो. 2015 साली निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘स्टार्ट’ चाचणीत 4,685 जण सहभागी होते. सीडीफोर पेशींची संख्या चांगली असतानाच गोळ्या सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण, थांबून सुरू केलेल्यांच्या तुलनेत, 57 टक्क्यांनी कमी आढळले. दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ चाचणीत तान्ह्या बाळांना लगेच उपचार दिल्याने मृत्यू 76 टक्क्यांनी घटले. आणि ‘एचपीटीएन 052’ या चाचणीत, जिच्यात पुण्याचे केंद्रही होते, लवकर उपचारामुळे जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2011 साली दिसले.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. उशिराचा प्रत्येक आठवडा रुग्णाच्या पेशींत जमा होतो आणि पुढे कितीही चांगले औषध दिले तरी तो पूर्णपणे वजा होत नाही.

कायदेशीर आधार

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. कलम 14 प्रमाणे निदानाच्या सोयी, एआरटी आणि संधिसाधू आजारांवरील उपचार ‘शक्य तितक्या प्रमाणात’ पुरवणे ही केंद्र व राज्य सरकारांची जबाबदारी आहे. खाली मागितलेली प्रत्येक गोष्ट आज शक्य आहे, हे आम्ही त्या त्या ठिकाणी दाखवले आहे. त्यामुळे या शब्दांचा आडोसा येथे घेता येणार नाही.

मागण्या

1. निदानापासून सात दिवसांत पहिली गोळी

‘तपासा आणि उपचार करा’ हे धोरण देशात एप्रिल 2017 मध्ये जाहीर झाले. निदान झालेल्याला सात दिवसांच्या आत, आणि तयारी असेल तर त्याच दिवशी उपचार द्यावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी केली. प्रत्यक्षात आमच्या सदस्यांना ‘आज डॉक्टर नाहीत’, ‘आधार कार्ड घेऊन या’, ‘पुढच्या सोमवारी या’ अशी उत्तरे मिळालेली आहेत. ज्याचा एका फेरीला एक खाडा पडतो, तो तिसऱ्या फेरीला येत नाही.

मागणी : निदान झाल्यापासून सात दिवसांत उपचार सुरू व्हावेत. पत्त्याचा पुरावा, आधार कार्ड किंवा सीडीफोरचा अहवाल नाही म्हणून पहिली गोळी अडवू नये. कागद नंतर पूर्ण करून घ्यावेत. अपवाद फक्त वैद्यकीय असावा. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग किंवा क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर यांत एआरटी काही काळ लांबवावी लागते, हे आम्ही जाणतो. असा निर्णय डॉक्टरांनी कारणासह नोंदवावा आणि रुग्णाला समजावून सांगावा.

याला नवे औषध, नवी इमारत किंवा नवा निधी लागत नाही. एक लेखी आदेश पुरतो.

2. तपासणी केंद्रावरून एआरटी केंद्रापर्यंत सोबत

करमाळा सोलापूर शहरापासून सव्वाशे किलोमीटरहून लांब आहे, अकलूज शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. निदानाच्या दिवशी हातात फक्त चिठ्ठी देऊन माणसाला घरी पाठवले, तर तो पोहोचेलच याची खात्री नसते. धक्का बसलेला माणूस तोंड लपवतो, काही जण गाव सोडतात.

मागणी : प्रत्येक नव्या रुग्णासोबत, त्याच्या संमतीने, पहिल्या भेटीला एक प्रशिक्षित सहकारी असावा. ज्या तालुक्यात जवळ एआरटी किंवा लिंक एआरटी केंद्र नाही, तेथे ग्रामीण रुग्णालयात पहिल्या 30 दिवसांच्या गोळ्या ठेवाव्यात आणि एआरटी केंद्रातील डॉक्टरांच्या दूरध्वनी सल्ल्याने त्या सुरू कराव्यात. खाजगी प्रयोगशाळेत लागण आढळलेल्या व्यक्तीला सरकारी केंद्रात पाठवण्याची ठरावीक पद्धत जिल्ह्यातील सर्व नोंदणीकृत प्रयोगशाळांना लेखी कळवावी.

सोबतीचे हे काम करायला आमचे सदस्य तयार आहेत. त्यांना प्रवासखर्च आणि मानधन द्यावे. त्यांचे श्रम फुकटचे धरू नयेत.

3. सुरुवातीचा संसर्ग ओळखण्याची सोय

संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी असा त्रास होतो. आपल्याकडे तो डेंग्यू, विषाणूजन्य ताप किंवा टायफॉइड समजून निघून जातो. या काळात रक्तात विषाणूचे प्रमाण सर्वाधिक असते, पण प्रतिपिंडांवर आधारलेली झटपट चाचणी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. हा चकवा काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत असतो. साठा कमीत कमी राखण्याची सगळ्यात मोठी संधी नेमकी याच काळात हुकते.

मागणी : (अ) अलीकडे जोखीम घडल्याचे सांगणाऱ्या, आणि ताप-पुरळ असलेल्या व्यक्तीसाठी पी-24 प्रतिजन शोधणारी चौथ्या पिढीची चाचणी जिल्हा पातळीवर उपलब्ध करावी. गरज भासल्यास विषाणूचा आरएनए तपासावा. (आ) पहिली चाचणी ‘निगेटिव्ह’ आलेल्या जोखमीतील व्यक्तीला दुसऱ्या चाचणीची तारीख लिहून द्यावी आणि संमती असल्यास आठवणीचा फोन करावा. (इ) नव्या रुग्णाच्या जोडीदाराची तपासणी 30 दिवसांत व्हावी, मात्र संमतीने आणि गुप्तता राखून. ज्या घरात मारहाणीची भीती आहे, तेथे आधी त्या स्त्रीची सुरक्षा पाहावी. (ई) जिल्ह्यातील सरकारी व खाजगी डॉक्टरांसाठी या विषयाचे वर्षातून एक प्रशिक्षण घ्यावे.

4. 72 तासांची गोळी चोवीस तास

विषाणूला शरीरात साठा करूच न देण्याची एकच खिडकी उघडी असते. जोखमीच्या प्रसंगानंतर 72 तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, 28 दिवसांचा औषधोपचार सुरू केला तर संसर्ग टळू शकतो. सुई टोचलेली परिचारिका, कचरा उचलणारा सफाई कामगार, लैंगिक अत्याचार झालेली मुलगी यांच्यासाठी हे तास अमूल्य असतात. रात्री किंवा रविवारी आलेल्याला ‘सकाळी या’ असे सांगणे म्हणजे ती खिडकी आपल्या हाताने बंद करणे आहे.

मागणी : जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात हा औषधसंच दिवसरात्र असावा. त्याचा साठा व मुदत यांची दरमहा नोंद व्हावी. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पहिला डोस देण्यासाठी पोलिसांच्या कागदांची वाट पाहू नये. महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या सफाई कामगारांना, कंत्राटी कामगारांसह, ही माहिती त्यांच्या हजेरीच्या ठिकाणी लेखी द्यावी.

5. बाळांचा अहवाल चौदा दिवसांत

आईचे प्रतिपिंड बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून साधी चाचणी बाळाच्या बाबतीत उपयोगाची नाही, वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर विषाणूच शोधावा लागतो. सहाव्या आठवड्यापासून ही तपासणी होते. नमुना जिल्ह्याबाहेर जातो आणि अहवाल येईपर्यंत आई हेलपाटे घालत राहते. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी जवळपास निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. याउलट पहिल्या काही महिन्यांत उपचार मिळालेल्या बाळांमध्ये विषाणूचा साठा अतिशय लहान राहतो.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात 2010 साली जन्मलेल्या बाळाचे उदाहरण जगाला माहीत आहे. जन्मानंतर तीस तासांत औषधे सुरू झाली, दीड वर्षाच्या सुमारास ती थांबली आणि त्यानंतर 27 महिने विषाणू सापडला नाही. 2014 साली मात्र तो परतला. या एका बाळाने दोन्ही गोष्टी शिकवल्या : लवकर उपचाराचे बळ केवढे आहे, आणि औषध थांबवणे किती धोक्याचे आहे.

मागणी : नमुना घेतल्यापासून 14 दिवसांत अहवाल आईच्या हाती यावा. लागण आढळल्यास दुसऱ्या खात्रीच्या नमुन्यासाठी न थांबता, नमुना घेऊन त्याच भेटीत उपचार सुरू व्हावेत. ज्या आईचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) जास्त आहे किंवा जिची लागण प्रसूतीच्या वेळीच कळली, तिच्या बाळाची जन्मताच एक जादा तपासणी व्हावी. गरोदरपणात पहिली तपासणी ‘निगेटिव्ह’ आलेल्या, पण जोखमीत असलेल्या स्त्रीची शेवटच्या तिमाहीत पुन्हा तपासणी करावी. गरोदरपणात नव्याने झालेला संसर्ग बाळाकडे जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

ही तपासणी जिल्ह्यातच होऊ शकते. क्षयरोगासाठी वापरली जाणारी सीबीनॅट आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही यंत्रे योग्य कार्ट्रिज किंवा चिप वापरून एचआयव्हीची तपासणीही करू शकतात. कोरोनाकाळाने आरटी-पीसीआरचा अनुभव असलेले तंत्रज्ञही घडवले आहेत. यंत्र एका कार्यक्रमाचे आणि रुग्ण दुसऱ्या कार्यक्रमाचा, म्हणून बाळाने थांबावे, हे आम्हाला मान्य नाही.

6. व्हायरल लोड वेळेवर, अहवालासह

गोळ्या काम करतात की नाही हे व्हायरल लोड सांगतो. उपचाराच्या सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी तो व्हायचा असतो. नमुना घेतला जातो, पण अहवाल रुग्णाला समजावून सांगितला जात नाही, किंवा तो येईपर्यंत पुढची तारीख उलटते, अशा तक्रारी आमच्याकडे आहेत. विषाणू औषधाला न जुमानता वाढत राहिला, तर नवनव्या पेशींमध्ये साठ्याची भर पडते आणि औषधरोधक विषाणूही त्यात कायमचा जमा होतो.

मागणी : नमुन्यापासून 14 दिवसांत अहवाल मिळावा आणि त्याची लेखी प्रत रुग्णाला द्यावी. 1,000 च्या वर प्रती आढळल्यास सात दिवसांत समुपदेशनासाठी बोलवावे, तीन महिन्यांच्या नियमित औषधानंतर फेरतपासणी करावी आणि तरीही आकडा खाली न आल्यास औषध बदलण्याचा निर्णय 30 दिवसांत व्हावा. विषाणू न सापडणाऱ्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग पसरत नाही, ही शास्त्रीय बाब प्रत्येक केंद्रावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लावावी. सोलापूरच्या यंत्रमाग वस्त्यांत आणि कर्नाटक सीमेलगतच्या गावांत केवळ मराठीतले समुपदेशन पुरत नाही.

7. गोळ्यांचा खंड शून्य

2022 साली देशात काही ठिकाणी एआरटी औषधांचा तुटवडा झाला, दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयात आमच्यासारख्याच लोकांना धरणे धरावे लागले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ चाचणीने दाखवले होते की, ठरवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवले तरी गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक होतो. मग औषधांचा साठा संपल्यामुळे होणाऱ्या खंडाला माफी नाही.

मागणी : जिल्ह्यात किमान तीन महिन्यांचा राखीव साठा असावा. प्रत्येक केंद्रावरील शिल्लक दर आठवड्याला फलकावर लिहावी. स्थिर रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास घर सोडतो आणि पट्टा पडेपर्यंत परतत नाही, त्याला निघण्यापूर्वी संपूर्ण हंगामाच्या, म्हणजे सहा महिन्यांपर्यंतच्या गोळ्या मिळाव्यात. स्थिर रुग्णांना तीन ते सहा महिन्यांचा साठा देण्यास जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. बाहेरच्या जिल्ह्यातून किंवा कर्नाटकातून आपल्या कारखान्यांवर आलेल्या मजुराला, बदलीचा कागद नसला तरी, पडताळणी होईपर्यंत 30 दिवसांच्या गोळ्या नाकारू नयेत. पंढरपूरच्या चारही वाऱ्यांत तात्पुरत्या वैद्यकीय केंद्रांवर एआरटीच्या गोळ्या मिळण्याची व्यवस्था असावी.

8. ज्यांना थांबायला लावले त्यांची देखरेख

2004 साली सीडीफोर 200 च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नव्हत्या. पुढे ही अट 350 वर, नंतर 500 वर आली आणि 2017 मध्ये ती उठली. त्या तेरा वर्षांत आमच्या सदस्यांना ‘तुमचे सीडीफोर अजून चांगले आहे, नंतर या’ असे सांगून परत पाठवले गेले. तेव्हाचे धोरण तेव्हाच्या माहितीवर आणि निधीवर ठरले होते, हे आम्ही समजतो. पण त्या थांबण्याचा भार आज आमच्या शरीरात आहे. तो भार फक्त आम्ही वाहावा, हे न्याय्य नाही.

औषध चालू असतानाही या साठ्याशी निगडित दाह राहतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. 2023 साली जाहीर झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीत एचआयव्हीसह जगणारे 7,769 जण होते. पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने त्यांच्यातील हृदयविकार व पक्षाघातासारख्या मोठ्या घटना 35 टक्क्यांनी कमी झाल्या. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट आहे.

मागणी : 2017 पूर्वी निदान झालेल्या प्रत्येक व्यक्तीची वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड आणि क्षयरोगाची तपासणी व्हावी. 25 वर्षांवरील स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी ठरावीक अंतराने व्हावी. चाळिशीपुढील व्यक्तींना स्टॅटिन द्यावे की नाही याचा निर्णय डॉक्टरांनी नोंदवावा. या सर्व तपासण्या एआरटीच्या भेटीच्या दिवशीच, त्याच आवारात व्हाव्यात, म्हणजे दुसरा खाडा पडणार नाही.

9. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्यांवर कारवाई

गोळ्यांनी विषाणू रक्तात सापडेनासा झाला की भोंदू वैद्य त्याचे श्रेय आपल्या काढ्याला देतो आणि गोळ्या बंद करायला सांगतो. पेशींत दडलेला साठा तसाच असतो, त्यामुळे विषाणू परततो. तोवर रुग्णाचे पैसे आणि आरोग्य दोन्ही गेलेले असते. औषध नियमावलीच्या अनुसूची ‘जे’मध्ये, म्हणजे जे आजार बरे करण्याचा दावा औषधावर करता येत नाही त्या यादीत, एड्सचे नाव आहे.

मागणी : अन्न व औषध प्रशासन, पोलीस आणि आरोग्य विभाग यांचे संयुक्त पथक नेमावे. तक्रार आल्यापासून 15 दिवसांत चौकशी व्हावी. एसटी स्थानके, यात्रा आणि स्थानिक वाहिन्यांवरील अशा जाहिराती काढून टाकाव्यात.

10. गुप्तता, मनुष्यबळ आणि तक्रारनिवारण

लोक उशिरा येतात याचे एक कारण भीती आहे, आणि ती निराधार नाही. रुग्णालयात खाटेवर लावलेली चिठ्ठी, फाइलवरची लाल खूण, रांगेत मोठ्याने पुकारलेले केंद्राचे नाव यांमुळे माणूस पुन्हा येत नाही. कायद्याच्या कलम 8 प्रमाणे संमतीशिवाय एचआयव्हीची स्थिती उघड करता येत नाही.

मागणी : खाटेवर, फाइलवर, एसटी सवलतीच्या किंवा संजय गांधी निराधार योजनेच्या कागदावर आजाराचे नाव दिसू नये. कायद्याने आवश्यक असलेला तक्रार अधिकारी प्रत्येक पात्र आस्थापनेत नेमावा, कारखाने व खाजगी रुग्णालयेही त्यातून सुटू नयेत. याच कायद्याखालील लोकपालाचा पत्ता, दूरध्वनी आणि तक्रारीची पद्धत सर्व केंद्रांवर लावावी. लोकपालाने 30 दिवसांत आणि वैद्यकीय तातडीत शक्यतो 24 तासांत आदेश द्यावा, असे कायदाच सांगतो. समुपदेशक, तंत्रज्ञ आणि औषधनिर्माते यांची रिक्त पदे 60 दिवसांत भरावीत. कंत्राटी कर्मचाऱ्यांचे मानधन वेळेवर द्यावे, कारण त्यांच्या गैरहजेरीत थांबावे आम्हालाच लागते.

11. संशोधनात आमचा वाटा

सुप्त साठ्यावरील जगातले बहुतेक संशोधन पाश्चात्त्य देशांत आढळणाऱ्या ‘बी’ उपप्रकारावर झाले आहे. भारतात प्रामुख्याने ‘सी’ उपप्रकार आहे. 1992 साली स्थापन झालेली आयसीएमआरची एड्स संशोधन संस्था पुण्यात भोसरीला आहे, म्हणजे हे काम करण्याची क्षमता आपल्या राज्यातच आहे.

मागणी : लवकर उपचार मिळालेली बाळे व प्रौढ यांचा दीर्घकालीन अभ्यास महाराष्ट्रात व्हावा आणि त्यात सोलापूर जिल्हा असावा, असा प्रस्ताव राज्य एड्स नियंत्रण संस्थेने पाठवावा. सहभाग पूर्ण संमतीने असावा. माहितीपत्रक रुग्णाच्या भाषेत असावे. नमुन्यांचा पुढील वापर विचारूनच व्हावा. नैतिकता समितीत आमचा प्रतिनिधी असावा. गोळ्या थांबवून करायचा कोणताही प्रयोग अतिशय कडक सुरक्षेशिवाय आम्हाला मान्य नाही.

अंमलबजावणी आणि मुदत

वरील मागण्यांची तपासणी एका आकड्याने होऊ शकते : निदानाच्या दिवसापासून पहिल्या गोळीपर्यंत किती दिवस लागले. हा आकडा नावे न उघड करता, तालुकावार, दर तिमाहीला जाहीर करावा. त्यासोबत बाळांच्या अहवालाचे दिवस, व्हायरल लोडच्या अहवालाचे दिवस आणि गोळ्या संपल्याच्या घटना एवढी तीनच माहिती द्यावी. या सगळ्याच्या तारखा केंद्रांच्या नोंदींत आजही असतात. त्या फक्त बेरजेला घ्यायच्या आहेत.

30 दिवसांत : मागणी 1, 4 आणि 7 बाबत लेखी आदेश. या मागणीपत्राला मुद्देनिहाय लेखी उत्तर.

90 दिवसांत : मागणी 2, 6, 9 आणि 10 ची अंमलबजावणी. पहिला तिमाही आकडा जाहीर.

180 दिवसांत : मागणी 3, 5 आणि 8 साठी यंत्रे, चाचणीसाहित्य आणि प्रशिक्षण यांची तरतूद. मागणी 11 चा प्रस्ताव रवाना.

जिल्हा समितीची बैठक दर तिमाहीला व्हावी, तिच्यात संघटनेच्या दोन प्रतिनिधींना, त्यांतील एक स्त्री, मतासह स्थान असावे आणि इतिवृत्त 15 दिवसांत मिळावे. एखादी मागणी जिल्ह्याच्या अधिकारात नसेल, तर ती कोणाच्या अधिकारात आहे आणि शिफारस कधी पाठवली, हे लेखी कळवावे. ‘वर पाठवले आहे’ एवढे तोंडी उत्तर आम्ही उत्तर मानणार नाही.

आमच्या बाजूने आम्ही पुढील जबाबदारी घेतो. गोळ्या वेळेवर घेणे, सोडून गेलेल्यांना शोधून परत आणणे, नव्या रुग्णाला पहिल्या दिवशी सोबत करणे, आणि तक्रार करताना तारीख व तपशील देणे. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास लोकपालाकडे तक्रार, माहिती अधिकारातील अर्ज आणि सनदशीर आंदोलन हे तिन्ही मार्ग आम्ही वापरू.

आमच्यातल्या अनेकांच्या शरीरातला साठा आता कमी करता येणार नाही, पण उद्या तपासणीला येणाऱ्याचा करता येईल. त्यासाठी औषध देशात आहे, कायदा आहे, यंत्रे आहेत आणि मदतीला माणसेही तयार आहेत. उशिराला आता कोणतेही कारण उरलेले नाही. या मागण्या मान्य करून आदेश काढावेत.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य
सोलापूर जिल्ह्यातील एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींची संघटना